कलेचे पाणी आणि योजनेची भिंत

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त बारवी धरणाच्या परिसरात भरलेल्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण.)



भाकरी, पिठले आणि मिरचीचा ठेचा असे जेवण झाल्यावर सागाच्या सावलीत डोळा लागावा, हे खरे. अशा वेळी कोणाला भाषण ऐकावयास लावणे ही एक प्रकारची शिक्षाच आहे. परंतु मी एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली, आणि चित्रकलेचा तास हा नेहमी जेवणाच्या सुट्टीनंतरचाच असे. तेव्हा पेंगणाऱ्या मंडळींपुढे बोलण्याची मला चांगली सवय आहे. आपण निःसंकोचपणे पेंगावे, मी रागावणार नाही!

चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा: ‘मुलामुलींचे कलाशिक्षण व उपजीविका’. हा विषय माझ्या मनाला फार लागलेला आहे, आणि तो का, हे प्रथम सांगितले नाही तर पुढचे सांगण्याचा मला अधिकार उरत नाही. म्हणून आरंभ माझ्या एका अपराधाने करते.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तिचे नाव मी सांगत नाही. घरची परिस्थिती बेताची. वडील कारखान्यात, आई घरी शिवणकाम करी. मुलीच्या हातात मात्र विलक्षण कला होती. समोर तांब्या ठेवला तर तांब्यावरचा पोचादेखील ती कागदावर उतरवी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत तिला वरची श्रेणी मिळाली. तिची आई एक दिवस शाळेत आली व म्हणाली, “बाई, हिला चित्रंच काढायचीत म्हणते. चित्रं काढून पोट भरतं का हो?”

या प्रश्नावर मी काय उत्तर दिले असेल? मी कलेची थोरवी सांगितली. “अहो, देवाने हात दिलाय, तुम्ही आड येऊ नका,” असे मोठ्या आवेशाने म्हटले. त्या माउलीने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. एका जाहिरातीत चांगले फोटो पाहून त्यांनी मुलीला एका खाजगी संस्थेत घातले. त्यासाठी हातातल्या पाटल्या मोडल्या. दोन वर्षे झाली, हाती प्रमाणपत्र आले, आणि मग कळले की त्या संस्थेला कोणाचीच मान्यता नव्हती. त्या कागदावर नोकरी मिळेना आणि पुढच्या शिक्षणालाही प्रवेश मिळेना. मायलेकी एका संध्याकाळी माझ्या घरी आल्या. आई माझ्यावर ओरडली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, “बाई, तुम्ही पोरीचं कौतुक फार केलंत. रस्ता मात्र नाही दाखवलात.”

भगिनींनो, हे वाक्य मी आजतागायत विसरले नाही. तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मला रस्ता ठाऊकच नव्हता, आणि ठाऊक करून घ्यावा असे वाटलेही नव्हते. त्यानंतर मी माहिती गोळा करू लागले. कोणता अभ्यासक्रम किती वर्षांचा, त्याला मान्यता कोणाची, अर्ज केव्हा निघतात, हे सारे एका वहीत लिहू लागले. आज जे सांगणार आहे ते त्याच वहीतले आहे.

आता जरा समोर पाहा. हे बारवीचे पाणी. ही नदी लहान. पावसाळ्याचे चार महिने ती दुथडी भरून वाहते आणि उन्हाळ्यात दगड उघडे पडतात. पाऊस काही कमी नव्हता, पण तो सगळा उल्हास नदीतून खाडीला आणि खाडीतून समुद्राला जात असे. १९७२च्या सुमारास औद्योगिक विकास महामंडळाने येथे भिंत घातली, पुढे टप्प्याटप्प्याने तिची उंची वाढवली. आता पाणी येथे थांबते आणि बाराही महिने मापाने खाली सोडले जाते. ते नदीवाटे जाऊन जांभूळ येथे उचलले जाते, शुद्ध होते आणि कारखान्यांना व घरांना मिळते. आपल्यापैकी ज्या भगिनी अंबरनाथ-उल्हासनगराकडून आल्या आहेत, त्यांच्या हंड्यात पडणारे पाणी पुष्कळसे येथलेच असते.

मुलांच्या अंगची कला अशीच असते. दहाव्या-बाराव्या वर्षी ती पावसासारखी कोसळते. भिंती रंगतात, वह्यांची मागची पाने भरतात, गाण्याने घर दणाणते. आपण म्हणतो, “काय गुणी पोर आहे!” आणि ते पाणी वाहून जाते. विसाव्या वर्षी विचारावे तर नदी कोरडी. पाऊस पाडणे आपल्या हाती नाही, भिंत घालणे मात्र आहे. पुष्कळांना वाटते की योजना, हिशेब, नियम या गोष्टी कलेला मारक आहेत. वस्तुतः भिंत पाण्याची वैरीण नसते. भिंतीमुळेच ते पाणी वैशाखात कोणाच्या तरी तोंडी लागते.

ही योजनेची गोष्ट काही नवी नाही. अंबरनाथचे शिवमंदिर आपण सर्वजणींनी पाहिले आहे. ते इ. स. १०६० मध्ये, शिलाहार राजांच्या काळात पुरे झाले. त्या भिंतींवरच्या मूर्ती कोणा एकाच्या लहरीतून घडल्या नाहीत. लहानपणी दगड धुणारा, मग रेघ मारणारा, मग छिन्नी धरणारा अशा पायऱ्या चढत गेलेले हात त्यामागे असले पाहिजेत. घराण्यात जन्मला की शिक्षण आणि व्यवसाय दोन्ही ठरलेले, अशी ती रीत होती. पुढे ती रीत मोडकळीस आली आणि तिची जागा शाळांनी घेतली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी एक लाख रुपयांची देणगी दिली व १८५७ साली मुंबईत त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली. १८६८ साली याच शाळेतील मंडळी टेरी नावाच्या आपल्या शिक्षकांबरोबर अंबरनाथला येऊन राहिली आणि त्यांनी मंदिराची रेखाटने केली, मूर्तींचे साचे घेतले. म्हणजे जुन्या शाळेच्या दारी नवी शाळा शिकावयास आली, आणि तीही आपल्याच गावात!

त्याच कलाशाळेत १८९० साली कोल्हापूरचा एक तरुण दाखल झाला. त्याचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर. विद्यार्थी म्हणून आत गेलेले धुरंधर तेथेच शिक्षक झाले, मोठ्या अधिकारपदाला पोचले आणि १९३१ साली निवृत्त झाले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आठवणींचे पुस्तकच आहे. त्यांनी तैलचित्रे काढली, तशीच पुस्तकांतली चित्रे काढली, पोस्टकार्डे आणि जाहिरातीही केल्या. कोणतेही काम त्यांनी हलके मानले नाही. आणि ज्या वर्षी वडील निवृत्त झाले त्याच १९३१ साली त्यांची कन्या अंबिका हिने त्याच शाळेची पदविका मिळवली. त्या काळी ही पदविका मिळवणाऱ्या भारतीय स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. बापाने मुलीचे कौतुक करून हात झटकले नाहीत. तिला शाळेत घातले, परीक्षेला बसवले, बरोबर प्रवासाला नेले. अंबिकाबाई पुढे नव्वदी ओलांडून जगल्या आणि त्यांनी वडिलांची चित्रे जपून ठेवली.

“त्यांचे ठीक आहे, घरातच विद्या होती,” असे आपण म्हणाल. तर नागपूरजवळच्या बेला गावी १९३३ साली जन्मलेल्या बी. प्रभा यांचे उदाहरण घ्या. त्या आधी नागपूरच्या कलाशाळेत शिकल्या व मग मुंबईला जे. जे.त आल्या. टोपली घेतलेल्या, उंच, सडपातळ कोळिणी त्यांनी रंगवल्या आणि त्या चित्रांनी त्यांचे नाव देशभर केले. जवळच्या शहरात आधी पाय रोवायचा आणि मग मोठ्या शहराची गाडी धरायची, अशी ही वाट आहे. आपल्या मुलींना तर तेवढेही लांब जावे लागत नाही. बदलापूरची लोकल छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरवते आणि तेथून जे. जे. पायी काही मिनिटांवर आहे. अंतर अडुसष्ट किलोमीटरचे, गर्दी मात्र अडुसष्ट मैलांची! पण बायकांच्या डब्यात बसून सहप्रवासिनींची रेखाटने करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. तो वेळ फुकट जात नाही.

आता वही उघडते. ज्यांना लिहून घ्यावयाचे असेल त्यांनी घ्यावे.

पहिली गोष्ट शब्दाची. दहावीनंतर ‘आर्ट्सला जाणे’ आणि ‘आर्ट शिकणे’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत इतिहास, भाषा, अर्थशास्त्र येते. दुसरीत चित्र, शिल्प, उपयोजित कला. कितीतरी घरांत या एका घोटाळ्यावरून भांडणे होतात. ललित कलेच्या पदवीसाठी बारावी कोणत्याही शाखेतून केलेली चालते. म्हणून मुलीने विज्ञान घेतले किंवा वाणिज्य घेतले तर तिची चित्रकला संपली असे मुळीच समजू नका.

दुसरी गोष्ट शाळेतल्या परीक्षांची. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या परीक्षा राज्याचे कला संचालनालय घेते. हे संचालनालय १९६५ साली स्थापन झाले. या परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणून पालक मुलांना बसवतात. ते ठीकच आहे. परंतु त्यांचा खरा उपयोग निराळा आहे. ठरलेल्या वेळात, ठरलेल्या कागदावर, दुसऱ्याने दिलेला विषय पुरा करता येतो की नाही, हे मुलाला तेथे प्रथम कळते. पुढे ज्याला या विद्येवर जगायचे आहे, त्याला जन्मभर हेच करावे लागते.

तिसरी गोष्ट बारावीच्या वर्षाची, आणि येथे पुष्कळ घरे चुकतात. ललित कलेची पदवी चार वर्षांची. त्याच्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा असते. तीत समोरच्या वस्तूंचे चित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे भाग असतात. या परीक्षेचा अर्ज बारावीचा निकाल लागण्याच्या पुष्कळ आधी भरावा लागतो. निकाल हाती आल्यावर “आता बघू” म्हणणाऱ्याचे एक वर्ष सरळ जाते. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयांना २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, तेव्हा तेथले नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचूनच पुढे जावे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ पासूनची, तिची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र असते. आपल्या महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापलेल्या महिला विद्यापीठातही चित्रकला व संगीत शिकवले जाते. ज्यांना पदवीपर्यंत थांबणे परवडत नाही, त्यांच्यासाठी मान्यताप्राप्त कलाविद्यालयांत पदविका असतात, आणि शिक्षक व्हायचे असेल तर कलाशिक्षक पदविका असते. मात्र कलाशिक्षकांची भरती आमच्या वेळेसारखी राहिलेली नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगावे.

गाण्याची वाटही अशीच पायऱ्यांची आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या परंपरेतील अखिल भारतीय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद आणि अलंकारपर्यंत आजही गावोगाव होतात. परीक्षा दिल्याने कोणी गवई होत नाही, हे खरे. परंतु शिकवणी घ्यावयाची असेल तर विशारद झालेल्या मुलीला लोक विचारत येतात.

चौथी गोष्ट पैशाची. कलाशिक्षणात फी हा एक भाग, आणि कागद, रंग, माती, आता संगणक, हा दुसरा. दुसरा खर्च कोणी आधी सांगत नाही. पाचवीपासून बारावीपर्यंत आठ वर्षे महिना पाचशे रुपये बाजूला टाकले तर व्याज न धरता अठ्ठेचाळीस हजार होतात. पहिल्या दोन वर्षांच्या साहित्याची चिंता तेवढ्याने पुष्कळ हलकी होते. दहा वर्षांच्या आतली मुलगी असेल तर २०१५ पासून पोस्टात सुकन्या समृद्धी खाते काढता येते, आणि मुलीच्या उच्च शिक्षणासाठी त्यातली अर्धी रक्कम मुदतीआधी मिळू शकते. २०२४ साली राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठराविक प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. आपल्या अभ्यासक्रमाला ती लागू होते का, हे प्रवेशाच्या आधी लेखी विचारून घ्या. दहा ते चौदा वर्षांच्या गुणी मुलांना केंद्र सरकारची सांस्कृतिक शिष्यवृत्तीही असते. थेंबे थेंबे तळे साचे, हे धरणाच्या काठावर मी निराळे सांगावयास नको.

पाचवी गोष्ट माझ्या विद्यार्थिनीच्या दोन वर्षांनी मला शिकवली. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. तुम्हांला मान्यता कोणाची आहे? प्रमाणपत्रावर शिक्का कोणाचा असेल? आणि तीन वर्षांपूर्वी येथून बाहेर पडलेली मुले आज कोठे आहेत, त्यांतल्या दोघांना भेटवाल का? प्रामाणिक संस्था या प्रश्नांनी रागावत नाही. जी रागावेल तिच्या पायऱ्या उतरून या.

आता त्या माउलीचा मूळ प्रश्न: चित्रे काढून पोट भरते का?

याचे खरे उत्तर असे की, नुसती चित्रे काढून फार थोड्यांचे भरते, पण चित्र येणाऱ्या हाताला कामे पुष्कळ आहेत. अंबरनाथला विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना होता, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्या जाणतात. काडेपेटीवरचे ते बोटभर चित्रदेखील कोणी तरी काढलेले असते! कापडावरची वेलबुट्टी, पुस्तकाचे मुखपृष्ठ, नाटकाचा पडदा, चित्रपटातले घर, औषधाच्या खोक्यावरची अक्षरे, वैद्यकीय पुस्तकातली हाडे, या प्रत्येकामागे एक शिकलेला हात असतो. उल्हासनगरच्या कपड्यांच्या बाजारात एक फेरी मारा, म्हणजे नक्षीवर किती लोकांचे घर चालते ते दिसेल. आता संगणकाचे यंत्रही सांगितले की चित्र काढून देते. त्याने काही कामे जातील, हे मी लपवत नाही. परंतु दहा चित्रांतले कोणते बरोबर आणि का, हे सांगणारा डोळा शिकूनच मिळवावा लागतो.

आणि आधी पोटोबा हेही विसरू नये. एक पाय कलेत असला तर दुसरा पाय काही वर्षे शिकवणीत, छपाईत, शिवणात, कार्यालयात असू द्यावा. यात कमीपणा नाही. कर्ज करून कलावंत होण्यापेक्षा पगार घेऊन कलावंत होणे पुष्कळ सुखाचे.

आणखी एक गोष्ट खास स्त्रियांनी ऐकण्याजोगी आहे. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातली वारली चित्रकला आज जगात गेली आहे. पण लग्नाचा चौक लिहिण्याचा मान मुळात सुवासिनींचा. तांदळाच्या पिठाने भिंतीवर तो चौक बायका लिहीत आल्या. १९७०नंतर भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या चित्रकाराने त्या पाड्यांवर कागद व रंग नेले, आणि जिव्या सोमा मशे यांची थोर प्रतिभा जगापुढे आली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, ती सर्वथा योग्यच होती. परंतु मला नेहमी वाटते, ज्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या भिंती लिहिल्या, त्यांतल्या एकीचे तरी नाव आपल्याला सांगता येते का? भिंतीवर सही नव्हती. कला बाजारात जाते तेव्हा नाव त्याचे होते जो प्रवास करू शकतो, सही करू शकतो, व्यवहार बोलू शकतो. म्हणून मुलींना रेघ शिकवाल तेव्हा सहीही शिकवा. १९५७च्या प्रताधिकार कायद्याने चित्र काढणाऱ्याचा हक्क त्याच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षे राहतो. कोणी नक्षी मागितली तर किती मोबदल्यात, कशासाठी, किती काळ, हे चार ओळींत लिहून घ्या. चार ओळींनी नाते तुटत नाही.

आता शेवटची आणि बोलावयास जड अशी गोष्ट. धरण बांधले म्हणजे पाणी साठते, हे आपण पाहतो. त्या पाण्याखाली काय गेले ते दिसत नाही. या बारवीची उंची वाढली तेव्हा गावे आणि पाडे उठले. त्यांच्या पुनर्वसनाचा आणि नोकऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे चालला. आपला हंडा भरतो तो कोणाच्या तरी शेतावरून.

गोव्यात कुर्डी नावाचे गाव आहे, किंवा होते म्हणावे. थोर गायिका मोगूबाई कुर्डीकर या गावच्या. त्यांच्या आईने मुलीचा गळा ओळखला आणि तिला गाणे मिळावे म्हणून फिरत्या नाटक मंडळीत नेले. आई लवकर वारली. पोरक्या मुलीचे गाणे सांगलीला उस्ताद अल्लादियाखाँसाहेबांच्या कानी पडले आणि त्यांनी तिला विद्या दिली. पुढे ऐन उमेदीत वैधव्य आले, पदरी लहान मुले. मोगूबाईंनी गाण्यावर, शिकवण्यांवर घर सांभाळले आणि थोरल्या लेकीला घडवले. ती लेक म्हणजे किशोरी आमोणकर. सबंध एक घराणे दोन बायकांच्या हट्टावर उभे राहिले. ते कुर्डी गाव मात्र १९८०च्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. दरवर्षी उन्हाळ्यात पाणी उतरते, जुनी जोती उघडी पडतात आणि गावचे लोक तेथे जमतात.

मी हे वाचले तेव्हा मला माझी थोरली बहीण आठवली. आम्ही दोघी बहिणी. घरात एकीलाच शिकवण्याची ऐपत. ताई नववीतून निघाली आणि पोलकी शिवू लागली. त्या शिलाईतून माझे रंग आले, माझा पास आला, माझी पदविका झाली. आणि भगिनींनो, ताईच्या हाताला माझ्यापेक्षा अधिक वळण होते. हे घरात सर्वांना ठाऊक होते, कोणी बोलले नाही. मीही बोलले नाही. माझे धरण तिच्या शेतावर बांधलेले आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच की, घरात एकाच्या शिक्षणाची योजना आखाल तेव्हा कागदावर दुसरेही नाव लिहा. एकाचे झाले की दुसऱ्याचे केव्हा, हे तेथेच ठरवा. मुलगा आणि मुलगी असतील तर बुडणारे शेत दर वेळी मुलीचेच का? आणि ज्यांचे शेत आधीच बुडाले, त्या तुम्हीआम्ही! उन्हाळ्यात कुर्डीची जोती वर येतात तशी आपलीही येऊ शकतात. संगीताची प्रारंभिक परीक्षा पन्नाशीत देणारी बाई मी पाहिली आहे. तिच्या शेजारी तिची नात बसली होती.

मंडळाला मी दोन गोष्टी सुचवते. एक, माझी ही वही मी आज मंडळाच्या स्वाधीन करते. दरवर्षी कोणी तरी एकीने तिच्यातले नियम, तारखा व फी नव्याने विचारून लिहावी, कारण या गोष्टी बदलतात आणि जुनी माहिती ही खोट्या माहितीइतकीच घातक असते. दोन, महिन्यातला एक शनिवार दहावी-बारावीच्या मुलांसाठी व त्यांच्या आयांसाठी ठेवावा. त्या शनिवारी मार्गदर्शन करावयास माझी तीच विद्यार्थिनी येणार आहे. दोन वर्षे वाया गेल्यावर तिने साड्यांना फॉल लावून पैसे जमवले, चोविसाव्या वर्षी पुन्हा प्रवेश घेतला, मान्यताप्राप्त पदविका पुरी केली आणि आज ती चित्रकला शिकवते. तिने मला क्षमा केली की नाही, ते मी विचारलेले नाही. पण मी बोलावले आणि ती हो म्हणाली.

राहिली ताई. गेल्या दिवाळीत तिने दारात रांगोळी काढली. पुसली जाण्याआधी मी तिचे छायाचित्र घेतले आणि मग तिच्या हाती पांढऱ्या रांगोळीची चिमूट देऊन म्हटले, “ताई, खाली नाव लिही.” ती हसली, म्हणाली, “रांगोळीला का कोणी नाव लिहितं!” आणि मग तिने लिहिले.